‘अंदाजे’ या शब्दास हरकत

माझे शिक्षण इयत्ता नववीपर्यंत झाले, हे मी सुरुवातीसच नमूद करतो. म्हणजे ते दुसऱ्या कोणी शोधून काढण्याचे श्रम घेऊ नयेत. शाळा सुटली, परंतु अक्षर सुटले नाही. गेली पंचवीस वर्षे कोल्हापुरात तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून मी लोकांचे अर्ज लिहितो, आणि माझ्या अर्जात त्रुटी काढण्याचे धाडस आजवर फार थोड्या कारकुनांनी केले आहे.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. माझी पत्नी ब्लाऊज शिवते. तिचे मशीन स्वयंपाकघरात, गॅसच्या शेजारी होते. शिवलेल्या कापडास फोडणीचा वास येतो, अशी गिऱ्हाइके कुरकुर करीत, आणि ती निमूटपणे ऐकून घेई. कसबा बावड्यात, जिथे अलीकडेपर्यंत ऊस उभा होता, तिथे एक चार मजली इमारत बांधून तयार झाली. दुसऱ्या मजल्यावरील सदनिकेत एक लहान जादा खोली होती. पत्नी त्या खोलीत खिडकीपाशी उभी राहिली आणि एवढेच म्हणाली, “मशीन हितं.” त्यापुढे दुसरे घर पाहण्याचा प्रश्नच उरला नाही. किंमत मात्र आमच्या आवाक्याच्या थोडी पलीकडे होती.

इतर लोक घासाघीस तोंडाने करतात. माझा तोंडावर विश्वास नाही. मी रीतसर अर्ज लिहिला. विषय : सदनिकेची किंमत वाजवी करून मिळणेबाबत. दोन प्रती केल्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली.

बिल्डर माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तो ऊस त्याच्याच वडिलांचा होता. अर्ज वाचून तो मोठ्याने हसला.

“पावणं, मी तहसीलदार हाय व्हय?”

“नाही. तहसीलदार हसत नाहीत, पोच देतात.”

त्याने सही केली. चहा पाजला. किमतीत एक रुपया कमी केला नाही. साठेखताचा, म्हणजे खरेदीच्या कराराचा, छापील मसुदा हातात देऊन म्हणाला, “घरी न्या, निवांत वाचा. दर फिक्स हाय.”

मी तो तीनदा वाचला. त्यात लिहिले होते : ‘सदर सदनिकेचे क्षेत्र अंदाजे पाचशे ऐंशी चौरस फूट.’ त्याखाली किंमत अंकी, अक्षरी आणि शेवटी ‘फक्त’. हा ‘फक्त’ मी स्वतः हजारो वेळा लिहिलेला आहे. रकमेपुढे कोणाला काही वाढवता येऊ नये म्हणून ती कडी घालतात. सबब, आम्ही द्यायच्या गोष्टीस कडी होती, आणि त्याने द्यायच्या गोष्टीचे दार सताड उघडे होते.

दुसऱ्या दिवशी पत्नीसह मी त्याच्या साईटवरील ऑफिसात गेलो.

“या शब्दास माझी हरकत आहे. तो काढा. नाहीतर किमतीमागेही ‘अंदाजे’ घाला. मी अंदाजे रक्कम आणून देईन.”

“समद्यांस्नी ह्योच मसुदा हाय. वकिलानं केलाय. तुम्ही किती शिकलायसा?”

“नववी.”

“मग ऱ्हाऊ दे की!”

“इमारत बांधायची असती तर अंदाज समजला असता. ती उभी आहे. तिला रंग लागला आहे. उभ्या भिंतीचा अंदाज कशाला? मोजा.”

त्याने खुर्ची पुढे ओढली व आवाज उतरवला. “पन्नास हजार कमी करतो. पर शब्दाला हात लावायचा न्हाय.”

मी अर्जात जवळजवळ तेवढेच मागितले होते. पत्नीने मला कोपराने ढोसले. “आवो, घ्या की. शब्द काय खायाचा हाय? दुसरं कोन आलं तर खोली जाईल.”

तिचे म्हणणे खोटे नव्हते, आणि मीही क्षणभर डळमळलो, हे कबूल करतो. परंतु जो मनुष्य एका शब्दासाठी पन्नास हजार सोडतो, त्याला त्या शब्दाची खरी किंमत माहीत असते.

“आपल्याकडे शेताचा बांध वीतभर सरकला तर दोन पिढ्या कोर्टात जातात,” मी म्हणालो. “ते अर्ज मीच लिहितो. तुमच्या वडिलांनी अंदाजे बांध चालवून घेतला असता?”

“वडलांचं काढायचं न्हाय हं!”

पत्नी उठली. माझी बाजू घेण्यास नव्हे, भांडण मिटवण्यास. पर्समधून शिवणाची टेप काढून म्हणाली, “दोघं बी गप बसा. मी मोजते.”

आम्ही तिघे वर त्या लहान खोलीत गेलो. नकाशात ती दहा फूट बाय नऊ फूट होती. पत्नी गुडघ्यांवर बसली, टेप संपली की फरशीवर खडूने खूण करीत पुढे सरकली. लांबी नऊ फूट चार इंच भरली. तिने पुन्हा मोजली. तेवढीच.

“आठ इंच कमी हाय.”

“प्लास्टर धरलं की थोडं हिकडं-तिकडं हुतंयच, वैनी.”

“ब्लाऊज आठ इंच कमी शिवला तर बाई माझ्या तोंडावर फेकंल. वर तिच्याकडनं पैसे मागू?”

त्याने सुपरवायझरला बोलावून लोखंडी टेपने सगळी सदनिका मोजवली. अठरा चौरस फूट कमी भरली. मसुद्यातील ‘अंदाजे’ त्याने स्वतःच्या पेनाने खोडले, पाचशे बासष्ट लिहिले, आणि खाडाखोडीशेजारी सही केल्याशिवाय मी तिथून हललो नाही. त्या प्रमाणात किंमत उतरली. त्याने देऊ केलेल्या सवलतीपेक्षा ती घट अधिक होती.

“झालं समाधान?” तो म्हणाला. “आता बाकीच्या फ्लॅटवाल्यांस्नी सांगत बसू नका.”

“सांगणार नाही,” मी म्हणालो. “लिहून देईन.”

त्या इमारतीतील चार बिऱ्हाडांचे अर्ज मी लिहिले. शेजारधर्म म्हणून दर निम्मा लावला. फुकट लिहिले नाहीत, कारण फुकट लिहून मिळालेला अर्ज अर्जदारसुद्धा नीट वाचत नाही.