एका हाताने उचलता येईल असं जॅकेट

ऑपरेशननंतर हैदराबादच्या डॉक्टरांनी मला काय काय करायचं नाही ते सांगितलं. डाव्या हाताला इंजेक्शन नाही, बीपीचा पट्टा नाही, घट्ट बांगडी नाही, आणि वजन तर मुळीच नाही. डावा स्तन काढला होता, बगलेतल्या गाठीही काढल्या होत्या, त्यामुळे त्या हातावर ताण आला की तो सुजणार होता. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि स्कूबा डायव्हिंग?" डॉक्टर शांत माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, दोन वर्षं जाऊ द्या, मग फुफ्फुसं तपासू आणि बोलू. शेजारी बसलेला माझा नवरा माझ्याकडे असा बघायला लागला, जशी काही मी भर कीर्तनात शिट्टी वाजवली.

मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. माहेर लातूर जिल्ह्यातलं, चाकूरजवळचं एक गाव. पोहायला शेतातल्या विहिरीत शिकले, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. तिकडे सगळे तसेच शिकतात. समुद्राचं वेड मात्र फार उशिरा लागलं. कॉलेजच्या सहलीबरोबर मालवणला गेले होते, तिथे हौस म्हणून पाण्याखाली उतरले, आणि वर आल्यावर बोटीवर ओल्या कपड्यांनी बसून मी पुढच्या खेपेचा विचार करत होते. मग अंदमानला जाऊन रीतसर कोर्स केला. स्टाफरूममध्ये थट्टा व्हायची. "मॅडम, आपल्याकडे नळाला पाणी कधी येतं त्याचा पत्ता नाही, आणि तुम्ही पाण्याखाली राहायला निघालात!" मी म्हणायचे, म्हणूनच तर. कोर्सनंतरच्या उन्हाळ्यात गाठ सापडली.

दोन वर्षं गेली. तपासण्या झाल्या, फुफ्फुसं चांगली निघाली. डॉक्टर म्हणाले, जा, पण दोन गोष्टी सांभाळा: त्या बाजूला काही दाबायचं नाही आणि त्या हाताने काही उचलायचं नाही.

आता पंचाईत अशी की डायव्हिंगमध्ये नेमक्या ह्याच दोन गोष्टी कराव्या लागतात. पाण्याखाली जाताना अंगात एक जॅकेट घालतात. पाठीवरची हवेची टाकी त्याला बांधलेली असते. जॅकेटमध्ये हवा भरली की माणूस तरंगतो, सोडली की खाली जातो. भाड्याने मिळतात ती जॅकेटं दणकट असतात, दहा जणांनी घालून काखेत कडक झालेली. त्यांत हवा भरली की ती दोन्ही बरगड्यांना आवळतात. कोर्सच्या वेळी मला ते आवळणं आवडलं होतं, कोणी धरून ठेवल्यासारखं वाटायचं. आता घरात साधा ब्लाउज शिवायचा म्हटलं तरी दोनदा उसवावा लागत होता. म्हणजे जॅकेट स्वतःचं हवं, काखेत आणि छातीवर न दाबणारं हवं. आणि नांदेडहून हैदराबाद, तिथून विमान, पुढे बोट, एवढ्या प्रवासात मला एकटीला उजव्या हाताने उचलता येईल इतकं हलकं हवं. मी मनाशी पक्कं केलं होतं: असं जॅकेट मिळालं तर जायचं. नाही मिळालं तर समुद्र संपला, परत नाव काढायचं नाही. रडायचंही नाही. हे शेवटचं ठरवायला सोपं होतं, पाळायला जमलं असतं की नाही, देव जाणे.

"एवढं काय त्यात? मी येतो ना. मी उचलीन," नवरा म्हणाला.

नवरा पाटबंधारे खात्यात. धरणातला पाणीसाठा तोंडपाठ, स्वतः ढोपरभर पाण्यातही उतरत नाही. मी म्हणाले, "तुम्ही किनाऱ्यावर बसून काय करणार?" "वाट बघीन," तो म्हणाला. मी विषय बदलला. ह्या दोन वर्षांत तो वरण-भात शिकला होता, पोळ्याही शिकला होता, त्या नकाशासारख्या व्हायच्या पण फुगायच्या. वॉशिंग मशीन लावायला शिकला. पापडखार कुठल्या डब्यात आणि हिंग कुठल्या डब्यात हे मला न विचारता ओळखायला लागला. लोक म्हणायचे, नशीबवान आहेस बाई. मी हो म्हणायचे. तो कशाची तयारी करत होता ते मला कळत होतं, आणि मला कळतं हे त्यालाही कळत होतं. आम्ही दोघंही त्यावर एक अक्षर बोललो नाही.

जॅकेट शोधायचं काम मी रोज संध्याकाळी फोनवर करायचे. प्रवासासाठीची जॅकेटं वेगळी असतात. त्यांच्या पाठीला कडक प्लास्टिकची पाटी नसते, कापड पातळ असतं, गुंडाळी करून बॅगेत बसतात. खिसे कमी, हवेची पिशवी लहान. थंड पाण्यात जाड पोशाख घालणाऱ्यांना ती पुरत नाही, पण आपल्या गरम समुद्रात पुरते. तो हिशोब मी स्वतः मांडून बघितला, शेवटी आर्किमिडीज शिकवण्याचाच पगार घेते. दुसरी निवड होती हवेच्या पिशवीची. काहींची पिशवी पुढेपर्यंत काखेतून वळून येते, काहींची फक्त पाठीमागे असते. पाठीमागे असली की छाती मोकळी राहते. तोटा एवढाच की पाण्यावर तरंगताना ती माणसाला तोंडावर ढकलते. मी म्हटलं, ढकलू दे, बघून घेऊ.

नांदेडात असलं दुकान कुठून असणार! समुद्राकाठच्या एका शहरातल्या विक्रेत्याला फोन केला. तो फार उत्साही होता. मी दहा गोष्टी सांगितल्या, त्याने एकच ऐकली: बाई आहे. आणि 'लेडीज मॉडेल' पाठवून दिलं. शेजारच्या काकूंनी खोक्यातून काळं, पट्ट्यापट्ट्यांचं ते प्रकरण निघताना बघितलं आणि हळूच विचारलं, "गोळी लागत नाही तसलं आहे का हो?"

मी आरशापुढे घालून बघितलं. पट्टे दोन्ही स्तनांना वळसा घालून जातील असे कापलेले होते. उजवीकडचा पट्टा जागेवर बसला. डावीकडचा लोंबत राहिला, आणि ओढून घट्ट केला तर बरोब्बर टाक्यांच्या रेघेवर आला. मला कोणाची लाज वाटत नव्हती, राग येत होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. मग विक्रेत्यावर काढायचा ठरवला.

"मॅडम, लेडीज मॉडेलच सगळ्यात कम्फर्टेबल आहे," तो फोनवर म्हणाला. "सगळ्या लेडीज तेच नेतात. तुम्ही पट्टा नीट लावला नसेल."

तळपायाची आग मस्तकात गेली. "दादा, मला डावा स्तन नाही," मी म्हणाले. "कॅन्सर झाला होता, काढला. तुमचा पट्टा तिथे काय धरून बसणार आहे?"

स्वयंपाकघरात नवऱ्याच्या हातातली पळी थांबली. आमच्या घरात, माहेरी, कॉलेजात, सगळीकडे ह्याला 'ऑपरेशन' म्हणायचे. 'तुमचं ते ऑपरेशन'. मीसुद्धा तेच म्हणायचे. 'कॅन्सर' हा शब्द मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला तो एका जॅकेटवाल्याशी भांडताना. विक्रेत्याने घसा साफ केला आणि अगदी वेगळ्या आवाजात विचारलं, "मॅडम, खांद्यापासून कमरेपर्यंत किती भरतं तेवढं मोजून सांगता का?" आठवड्याभरात दुसरं जॅकेट आलं. सरळ पट्ट्यांचं, पाठीमागे पिशवी, छातीचा पट्टा वरखाली सरकणारा आणि नको असेल तर काढून टाकता येणारा. उजव्या हाताने उचललं, जिन्याने गच्चीवर नेलं, खाली आणलं. धाप लागली नाही.

पण कोरड्या अंगावर घालणं वेगळं आणि पाण्यात वेगळं. पाण्यात दाबलं तर ते समुद्रात जाऊन कळण्यात अर्थ नव्हता. म्हणून रविवारी आम्ही माझ्या माहेरी गेलो, विहिरीवर.

शेत आता धाकटा भाऊ बघतो. त्याने जॅकेट हातात घेऊन उलटसुलट केलं. "आक्का, ह्ये तर लई हलकं हाय की गं! हवा किती बसती ह्येच्यात?" मी सांगितलं. "मग हिरीतली मोटार वर येईल का ह्येच्यानं? चिखलात रुतून बसलीय." मी म्हणाले, "येईल, पण माझ्या जॅकेटने नाही." टाकी कुठून आणायची हा प्रश्न त्यानेच सोडवला. पाइपलाइनचा जाड तुकडा घेतला, दोन्ही टोकांना बूच लावलं, मी सांगितली तेवढी रेती आत भरली. टाकीएवढंच वजन, टाकीएवढाच आकार. मग त्याने गडीमाणसांना पलीकडच्या सोयाबीनमध्ये पाठवलं आणि दोरी घेऊन आला.

"दोरी कशाला?"

"कंबरेला."

"अरे, मी पन्नाशीची बाई आहे! कोर्स केलाय मी!"

"आसू दे की. हीर हाय ही, तुझा समुद्र न्हाई," तो म्हणाला आणि गाठ मारली. भावजय हसत होती. नवरा काठापासून चार हात लांब उभा राहून सगळ्या पट्ट्यांकडे बघत होता.

विहिरीला पायऱ्या आहेत. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मी जॅकेट चढवलं, तोंडाने फुंकून हवा भरली आणि पाय सोडले. पहिल्या झटक्याला जॅकेटने मला पालथं घातलं. नाकातोंडात पाणी गेलं. भावाने वरून एवढ्या जोरात दोरी ओढली की पोटात कळ आली. "सोड की रे मेल्या!" मी ओरडले. वरून नवऱ्याचा आवाज, "बस झालं, वर ये." मी ऐकलं नाही. अंग मागे टाकलं, खुर्चीत रेलून बसावं तसं, आणि तोंड वर आलं. मग तरंगत राहिले.

कुठे दाबतंय ते शोधत होते. डावी काख मोकळी. टाक्यांच्या रेघेवर काही नाही. हात वर केला, खाली केला, गोल फिरवला. कुठेच दाबत नव्हतं. मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःच्या अंगाकडे काय दुखतंय ह्यापलीकडे बघत होते. मग श्वास घेतला, जॅकेटमधली हवा सोडली आणि खाली गेले. फार नाही, डोक्यावर हातभर पाणी आलं असेल. हिरवं, गार, आवाज नसलेलं. मला फार आनंद झाला. एवढंच म्हणता येईल, फार आनंद झाला.

वर आले, रेतीचा पाइप सोडवून भावाकडे दिला आणि ओलं जॅकेट उजव्या हातात घेऊन पायऱ्या चढायला लागले. ओलं झाल्यावर ते जड होतं, आत पाणी राहतं. तीन-चार पायऱ्या झाल्या असतील, तर समोर नवरा. शेवाळलेल्या पायऱ्यांवर, एक हात भिंतीला, पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली, चेहरा पांढराफटक. तो माणूस आयुष्यात कधी विहिरीत उतरला नव्हता.

"दे इकडे," तो म्हणाला.

"नको."

"अगं, ओलं झालंय, जड आहे. हट्ट कशाला? मी आहे ना उचलायला."

"आज आहात," मी म्हणाले. "तुम्ही नसाल तेव्हा कोण उचलणार?"

मी ते चिडून म्हणाले होते. जॅकेट पंधरा-वीस वर्षं टिकतं असं विक्रेता म्हणाला होता, नवरा साठीला आलाय, साधा हिशोब होता. पण जॅकेट घ्यायला पुढे आलेला त्याचा हात तिथेच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं, जॅकेटकडे बघितलं, परत माझ्याकडे.

"मी नसेन तेव्हा," तो म्हणाला. "म्हणजे तू मागे राहणार."

"न राहायला काय झालं?"

तो त्या ओल्या पायरीवर मटकन खाली बसला आणि हसायला लागला. डोळे पुसायचा आणि हसायचा, हसायचा आणि पुसायचा. दोन वर्षांत मी त्याला असं बघितलं नव्हतं. वरून भावाने हाक मारली, "दाजी, काय झालं?"

"काही नाही," मी वर ओरडून सांगितलं. "तुझे दाजी वाटेत बसलेत, जरा सरकायला सांग त्यांना."