मर्जानभाईंचं मूळ गाव

मर्जानभाई गिऱ्हाइकाच्या चालीवरून त्याची भूक ओळखायचे. उमरग्याच्या नाक्यावर ट्रक थांबला की ड्रायव्हर बाकड्यावर टेकायच्या आत त्यांची आरोळी स्वयंपाकघरात पोचलेली असे : “तीन भाकरी, पिठलं, कांदा फोडून!” एकदा मी घरून पोटभर जेवून मुद्दाम उपाशी माणसासारखा झोकांड्या खात आत शिरलो. “मुनशीला नुसतं ताक!” ते ओरडले. “घरनं जेवून आलाय, नाटक करायलाय!” अख्खी खानावळ हसली. नाटक पडलं, ताक मात्र मी दोन पेले प्यालो.

उंच, काळेभोर, कुरळ्या केसांचे. आजोबा आफ्रिकेतून निजामाच्या घोडदळात आलेले. वडील उमरग्यात रमले आणि मर्जानभाई इथंच जन्मले. चहाच्या हातगाडीपासून सुरुवात करून त्यांनी खानावळ उभी केली, मागं ट्रकवाल्यांसाठी खाटा टाकल्या. दुष्काळात खडी फोडून आलेली माणसं तिथंच जेवत. एका बागायतदारानं शेजारच्या बौद्ध मजुराकडे बघून नाक मुरडलं, तेव्हा मर्जानभाई हात जोडून म्हणाले, “ही रांग भुकेची हाय, सायब. भूक नसंल तर उठा.”

साहेब उठले नाहीत. भूक सपाटून होती.

मग त्यांच्या डोक्यात सहकार शिरला. “ऊसवाले कारखाने काढत्यात. आमी भाकरवाल्यांनी काय घोडं मारलंय?” दोन वर्षं सायकल हाणत त्यांनी हायवेवरचे खानावळवाले एकत्र केले. सगळ्यांचं मिळून एक मोठं हॉटेल काढायचं, ही त्यांचीच कल्पना. जागा मंजूर झाली आणि जन्मात भाकरी न थापलेली मंडळीही भराभर सभासद झाली. त्यातलेच एक पुढारी, अण्णा. मी संस्थेचा कारकून. माझं अक्षर मोत्यासारखं.

चेअरमनपदाच्या अर्जात रकाना होता : मूळ गाव. मर्जानभाईंनी सांगितलं, “उमरगा.”

अण्णा खाकरले. “मुनशी, खरं लिहा. आफ्रिका.”

“आफ्रिकेत कुठं?” मी विचारलं.

“म्या सोलापूरच्या पल्याड गेलो न्हाय, अण्णा,” मर्जानभाई म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसत हसतच सुरेख अक्षरात लिहिलं : आफ्रिका. तालुक्याबाहेरचा माणूस म्हणून अर्ज बाद झाला. अण्णा बिनविरोध चेअरमन.

हॉटेलच्या उद्घाटनाला अण्णांनी मर्जानभाईंना निरोप धाडला, लाल फेटा बांधून दारात उभे राहा, पाहुण्यांना सलाम करा. फोटो झकास येतील.

मर्जानभाई आले ते बोडक्यानं. सरळ आत शिरून पुढाऱ्यांच्या पंगतीत बसले.

“भाई, तुमची जागा दारात,” अण्णा कुजबुजले.

“आज म्या पाव्हणा हाय,” मर्जानभाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आफ्रिकेहून आलोय. एवढ्या लांबनं आलेल्या माणसाला दारात उभं करता व्हय?”

या वेळी कुणी हसलं नाही. ताट आलं. त्या पंगतीतला एकेक जण वर्षानुवर्षं त्यांच्या हातचं जेवलेला होता. मर्जानभाईंनी एक घास खाल्ला आणि सगळ्यांच्या तोंडांकडे सावकाश पाहिलं.

“मीठ कमी हाय,” ते म्हणाले. हात धुतले आणि निघून गेले. आठवड्यानं खानावळीला कुलूप घालून ते हैदराबादेस गेले. तिथंच वारले, असं पुढं एका ड्रायव्हरनं सांगितलं.

मी मात्र त्या दिवशी मिठाची वाटी घेऊन लगबगीनं वाढप्यांकडे धावलो. वरण चाखून पाहिलं.

मीठ बरोबर होतं.