मेंढरांच्या पाठीवरच्या खुणा

आणीबाणीच्या आधी दोन-तीन वर्षं मी म्हसवडजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. मी सांगलीचा. चित्रकलेच्या मास्तराचं नेमकं काम काय, हे तिथं कुणालाच कळत नसे. मुख्याध्यापकांना वाटे मी फुकटचा पगार खातो. गावाला वाटे, हा घरोघरचं बघून वर कळवणारा सरकारी माणूस असणार. मी वैतागायचो, पण माझाही गावावर कुठं भरवसा होता?

फुलदाणी काढून काढून मुलं कंटाळली होती आणि एकाच्याही घरी फुलदाणी नव्हती. म्हणून सातवीला सांगितलं, घरात कुणी हातानं काढलेलं काहीही बघा आणि तसंच उतरवून आणा. उंबऱ्यावरची रांगोळी आली, आजीच्या हातावरचं गोंदण आलं. धनगरांच्या मुलांनी मेंढरांच्या पाठीवर डांबरानं काढतात त्या खुणा आणल्या. प्रत्येक घराची खूण वेगळी. मी हरखलो आणि सगळे कागद नावांसकट भिंतीवर लावले.

दोन दिवसांनी एका मुलीचा बाप घोंगडं सावरत वर्गात शिरला.

"आवं मास्तर, आमची खूण भिंतीवर कशापायी? चोराला दावाय लावलीया व्हय?"

"अहो, ही कला आहे."

"आसंल. पर गेल्या साली माझी लय मेंढरं चोरीला गेली."

मी चिडून म्हणालो, आधी नीट बघा तरी. त्यानं बघितलं. एकेक कागद बघत तो एकापाशी थांबला. त्याची खूण अर्धा चंद्र. या कागदावरही तोच चंद्र होता, फक्त मधून एक आडवी रेघ.

"आमच्याच चंद्रावर रेघ मागनं वडलीया," तो हळूच म्हणाला.

अर्धा चंद्र कुणीही काढेल, असं मनाला समजावलं. पण आता मलाही ती रेघ उपरीच दिसायला लागली. कागद होता त्याच्या मुलीच्या बाकावरच्या मैत्रिणीचा. ती खाली मान घालून बसली होती.

त्याला वाचता येत नव्हतं. "कुणाचं नाव हाय?" त्यानं मला विचारलं. मी शेजारच्या कागदाची टाचणी दाबायला लागलो. मग त्यानं आपल्या मुलीला उठवलं. तिनं कागदावरच्या मैत्रिणीच्या नावाखाली बोट ठेवलं.

"माजंच हाय. पयलं चुकलं, म्हनून दुसरं काडलं."

"व्हय मास्तर?"

"व्हय," मी म्हणालो.



"मास्तर, आमच्या मेंढरांवर खूण हीच काडती. हिचा हात चुकत न्हाई." त्यानं तिचं मनगट धरलं आणि तिला घेऊन गेला.

ती परत शाळेत आली नाही. आठवड्याभरात तिची मैत्रीणही यायची बंद झाली. त्या बापाचा मला अजून राग येतो, आणि मेंढरांच्या चोरीचा त्याचा संशय खरा होता की काय, हेही अजून मनातून जात नाही.