मेणबाईचे दोन डबे

त्या जुन्या कॅथेड्रलमध्ये मेणबत्त्या लावायला दोन लोखंडी स्टँड होते. डावीकडचा दूर गेलेल्यांसाठी, उजवीकडचा कायमच्या गेलेल्यांसाठी. अख्खं शहर, ख्रिस्ती असो की नसो, मनात काही सलू लागलं की तिथे येई. संध्याकाळी दार लागण्याआधी उरलेलं मेण खरवडायचं, वितळवून नव्या मेणबत्त्या ओतायच्या, हे काम जिचं, तिला सगळे मेणबाई म्हणत. कोण डावीकडून उजवीकडे सरकलं हे तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आधी कळे. पण ती कुणाकडे ब्र काढत नसे.

तिचा नियम एकच, आणि त्यापुढे फादरांचंही काही चालत नसे. दोन स्टँडचं मेण दोन डब्यांत. जित्यांच्या वातीला मेल्यांचं मेण लागता कामा नये. लागलं तर काय होतं, असं कुणी चेष्टेनं विचारलंच, तर ती दोन्ही डब्यांची झाकणं घट्ट लावून टाके. उजवीकडच्या ज्योती वारा नसतानाही आपल्याकडे कलतात, असं तिला हल्ली वाटे. तिकडे ती पाठ करत नसे. भीतीच वाटायची, खोटं कशाला बोला!

तिचा मुलगा बोटीवर स्वयंपाकी होता. बोट बुडाल्याची बातमी आली, त्याचा मात्र काहीच पत्ता लागला नाही. त्याच्यासाठी ती रोज डावीकडे एक मेणबत्ती लावी.

एका संध्याकाळी गुडघे धरले म्हणून तिनं सुनेला मेण वितळवायला बसवलं. वळून बघते तर सुनेनं दोन्ही डबे एकाच पातेल्यात रिकामे केलेले.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? त्याची उद्याची मेणबत्ती यातूनच निघायची होती!"

सून ढवळत राहिली. "त्याचं मेण दोन्ही डब्यांत होतं, आई."

"म्हणजे?"

"तुम्ही डावीकडे लावून आत गेलात की मी उजवीकडे लावते. वर्ष होत आलं. रोज तुम्हीच खरवडता ते."

मेणबाईनं आपल्या नखांकडे पाहिलं. त्यांत मेण होतं. मग ती सुनेशेजारी फरशीवर बसली आणि तिच्या हातातला चमचा काढून घेतला.

"त्याला पोहता येत नव्हतं गं," ती म्हणाली. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."