सुध्याचा चिमटा

रामदासपेठेतल्या दवाखान्यातून सुध्याच्या बायकोचा, मीनावहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे गेले..." अन् माझ्या मनात पहिला विचार आला तो सुध्याच्या सायकलीचा. लिहायला लाज वाटते. पण पस्तीस वर्षांच्या दोस्तीत मी त्याच्यावर जेवढा जळलो, तेवढा सख्ख्या भावावरही जळलो नाही; मग आता खोटं कशाला बोलू?

आम्ही दोघं प्रताप नगरचे. कॉलेजात असताना एकाच दुकानातून, एकाच कंपनीच्या माउंटन बाइक घेतल्या. शॉकअप वगैरे काही नाही, पुढचं चाक धरणारा साधा लोखंडी चिमटा. चोरीच्या भीतीनं सुध्याच्या बाबांनी त्याचं नाव चिमट्याच्या फ्रेममध्ये जाणाऱ्या दांडीवर, खोलल्याशिवाय दिसणार नाही असं, भांड्यावर टाकतात तसं टाकून घेतलं होतं. अंबाझरीच्या रस्त्यानं तो दोन्ही हात सोडून, संत्रं सोलत जायचा. मागून मी, हँडल गच्च धरून. लोक त्याच्याकडे पाहायचे, माझ्याकडे कोण पाहणार?

त्याचा चिमटा चांगला निघाला अन् माझा फसवा, असं मी मनाशी पक्कं केलं. एकदा बोलूनही दाखवलं. तो हसला. "दोन्ही सारखेच आहेत गा. पण तुले पाहिजे तर घे." चिमटे बदलायला म्हणून माझी सायकल घरी घेऊन गेला. माझी फ्रेम एक नंबर मोठी, त्याची दांडी जराशी कमी पडत होती. एक वायसर काढून बसवली, असं त्यानं सायकल परत देताना सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तोच पुन्हा हात सोडून पुढे, मी मागे डगमगत. झालं! यानं काही बदललंच नाही, मले बनवून राहिला, हे डोक्यात बसलं. खोलून पाहायला अर्धा तास लागला असता. मी पाहिलं नाही, चारचौघांत मात्र सांगत फिरलो.

तेरवीनंतर वहिनी म्हणाल्या, "सायकल तुम्हीच न्या भाऊजी. तुमचाच चिमटा आहे ना त्यात. लय तारीफ करत होते, विन्याचा चिमटा एकदम सरळ म्हणे."

मनात म्हटलं, घरीसुद्धा हीच थाप.

रविवारी अंगणात दोन्ही सायकली खोलल्या. त्याच्या सायकलीतली दांडी कोरी निघाली. मग माझी काढली. ग्रीस पुसलं तर खाली अक्षरं होती : सुधाकर. फडकं हातात घेऊन तिथंच बसून राहिलो... रडू आलं, अन् खरं सांगतो, त्यातही जळलोच. आपली वस्तू देऊन टाकायची, दुसऱ्याची वापरायची अन् वरून तिचंच कौतुक करायचं, हे मला सात जन्मांत जमलं नसतं.

चिमटे होते तसेच बसवले. दोन्ही सायकली आता माझ्या पोर्चमध्ये शेजारी उभ्या असतात. परवा सकाळी अंबाझरीच्या रस्त्यावर, कोणी पाहत नाही हे बघून, मी माझ्या सायकलीचं हँडल सोडलं. एक पायडल, दोन पायडल... चाक वळलं, अन् मी पुन्हा गच्च धरलं.

चिमटा त्याचाच होता.