ज्यानं सोडला, त्यानं आणावा

बाण माझ्या कानाजवळून गेला तेव्हा मी वाकलेली होते. तणसाच्या, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाच्या, पेंढ्यांच्या निशाण्यात रुतलेले बाण उपसून काढायचे, हे माझं काम. मागून दोरी वाजली. कानाला वारा लागला. आणि माझ्या हातापासून वीतभर अंतरावर एक नवा बाण पेंढीत थरथरत उभा राहिला.

मी मागे पाहिलं. नागपूरहून आलेला एक पाहुणा धनुष्य धरून उभा होता. त्याच्या शेजारी आमचे धाकटे मालक. दोघंही हसत होते.

"डरो मत, नहीं लगेगा," पाहुणा म्हणाला.

"लागला तरी काय होते," धाकटे मालक म्हणाले. "यायची कातडी जाड राहते."

बाकीचे पाहुणे हसले. मीही हसले. खरं सांगते, दात दाखवून हसले. माझी सलवार ओली झाली होती. ती कोणाला दिसू नये म्हणून बाणांचा जुडगा पुढे धरला होता. पाय गार पडले होते. आणि मी हसत होते. ते हसू मला अजून धुऊन काढता आलेलं नाही.

मी साकोलीकडची. जातीने गोंड. आमच्या गावचं तळं मालगुजारांनी बांधलं असं सगळे सांगतात. माती कोणी वाहिली ते कोणी सांगत नाही. मालगुजारी केव्हाच गेली, पण घराण्याला गाव अजून मालकच म्हणतं. जंगल पाहायला पाहुणे येऊ लागले तसं धाकट्या मालकांनी तळ्याच्या पाळीला लागून त्यांच्यासाठी झोपड्या बांधल्या. एसी लावलेल्या झोपड्या. पहाटे वाघ दाखवायला नेतात, दुपारी चुलीवरचं जेवण, संध्याकाळी तिरंदाजी. बारावी झाल्यावर मी तिथे कामाला लागले. आधी चादरी आणि भांडी होती. मग मी पळते चांगली, हे धाकट्या मालकांच्या लक्षात आलं.

पाहुणे बाण मारायचे, मी आणायची. सुरुवातीला सगळ्यांचं मारून झाल्यावर जायची. मग पाहुण्यांना थांबायचा कंटाळा येऊ लागला. मग "जा जा, आण" सुरू झालं. एकाचं मारून झालं की मी पुढे, आणि मागे दुसऱ्याची दोरी ताणलेली. त्या दिवसानंतर तर तो खेळच झाला. मी वाकले की कोणीतरी मुद्दाम बाजूच्या पेंढीवर मारायचं. मी दचकले की टाळ्या.

घरी मायला सांगितलं. माय चुलीपुढे बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"तुह्या आज्याच्या मांडीत छर्रे होते," ती म्हणाली. "मालकाच्या शिकारीत हाका करे तो. रानातून जनावर हाकलत बंदुकीम्होरं धावे. छर्रे लागले, तरी त्यानं कदी काम सोडलं का?"

लहानपणी मी आज्याच्या मांडीवर बोट ठेवून ते छर्रे हलवले आहेत. कातडीखाली ज्वारीच्या दाण्यासारखे सरकायचे. आजा सगळ्यांना दाखवायचा, मोठ्या मालकांच्या बंदुकीचे छर्रे म्हणून. मला तेव्हा तो मान वाटायचा. त्या संध्याकाळी मी स्वतःच्या मांडीवर बोट फिरवून पाहिलं.

मायचंही चुकत नव्हतं. ती मालकांच्याच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला आणि कापणीला जायची. भाऊ त्यांच्याच राइस मिलवर पोती उचलायचा. मी नाही म्हटलं तर तिघांच्या हातचं काम जाणार. म्हणून मी जात राहिले. पण भीती माझ्यासोबत घरी येऊ लागली. तारेवरचं लुगडं वाऱ्याने फटकलं तरी माझे खांदे वर चढायचे. कोणाकडे पाठ करून बसता येत नव्हतं. जेवतानाही भिंतीला टेकून बसायची.

सानगडीच्या बाजारात मामा भेटला. मायचा थोरला भाऊ, रानाच्या कडेच्या गावात राहतो. बांबूची कामं करतो, कुंपणं, माच, कोंबड्यांची खुराडी. त्याच्या बापाकडून कमठा करायला शिकलेला. कमठा म्हणजे आमच्याकडचं धनुष्य.

"मामा, मले एक कमठा बनवून दे," मी म्हणाले.

"कायले?"

"मले दोरीच्या आवाजाचा भेव वाटते."

मामा हसला. "भेव वाटते तं कमठा कायले व पोरी? कानात कापूस घाल न."

"मंग मांगून येनारा तीर आयकूच नाही येनार."

त्याचं हसू गेलं. मग मी त्याला सगळं सांगितलं, ओल्या सलवारीसकट. ते मायलाही सांगितलं नव्हतं. आवाज माझ्याच हातातून निघाला तर कदाचित तो मला ओळखेल, चावणार नाही, असं मला वाटत होतं. मामाने ते वेड्यासारखं आहे असं म्हटलं नाही. म्हणाला, घरी ये, माप घेतो.

त्याने मला भिंतीला टेकून उभं केलं. हात पसरायला लावले. बांबूच्या चिपेवर कोळशाने खुणा केल्या, एक जमिनीपासून हनुवटीपर्यंतची, एक छातीपासून बोटांपर्यंतची. मग स्वतःचा कमठा ओढायला दिला आणि माझा खांदा कुठे थरथरतो ते पाहत राहिला. मी बावीस वर्षांची झाले होते, आणि माझ्या मापाचं आजवर कोणी काही केलं नव्हतं. कपडे मालकांच्या लेकीच्या अंगावरून उतरलेले, चपला भावाच्या. त्या कोळशाच्या खुणांकडे पाहून मला रडू आलं. मामाने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"अवस येऊ दे," तो म्हणाला. "अवसेले तोडलेल्या बांबूले कीड नाही लागत. मंग धुरात वाळाले पायजे. घाई नोको करू."

धान कापून झालं, मळून झालं. तेवढे सगळे दिवस मी रोज संध्याकाळी बाण आणत होते आणि मनात म्हणत होते, माझा धुरात वाळतो आहे. भीती त्याने कमी झाली नाही. उलट वाढली. आता काहीतरी होणार होतं, आणि ते मीच ठरवलं होतं.

निरोप आला तशी गेले. कमठा चुलीच्या वर आढ्याला लटकत होता. दोरी उतरवलेली, धुराने तपकिरी झालेला. आमच्याकडे दोरीही सुताची नसते, बांबूच्याच सालीची पातळ पट्टी असते. मामाने गुडघ्याचा जोर लावून कमठा वाकवला आणि दोरी चढवली. तीर बोथट टोकाचे केले होते. "टोकदार नाही देत," तो म्हणाला. "गार्डानं पायलं तं शिकारी म्हनून धरून नेईन. अंगनाच्या बाहीर काढू नोको." मालकाच्या अंगणात तो खेळ असतो. आमच्या हातात दिसला की गुन्हा.

अंगणाच्या टोकाला त्याने तणसाची पेंढी उभी केली. आधी स्वतः सोडून पाहिला. दोरी वाजली, आणि माझे पाय धावू लागले. कोणी सांगितलं नव्हतं. तीर पेंढीत पोचायच्या आत मी अर्ध्या अंगणात.

"थांब."

मी थांबले. हात डोक्यावर गेले होते.

"कोठी जाऊन राहिली?"

"तीर आनाले."

मामाने कमठा जमिनीवर ठेवला. त्याचे गुडघे गेलेले आहेत, उठताना भिंत धरतो. तो पाय ओढत पेंढीपर्यंत गेला. मी दोनदा म्हटलं, मामा मी आणते. त्याने ऐकलं नाही. तीर उपसून, तसाच पाय ओढत परत आला. घाम आला होता त्याला.

"ज्यानं सोडला, त्यानं आनावा," तो म्हणाला. "अन् मानूस म्होरं असन तं कमठा जमिनीवर. मह्या बापानं मले आधी हे शिकवलं, ओढाचं मंग शिकवलं."

मग कमठा माझ्या हातात दिला. तो माझ्या हातात बसला. जड नाही, हलका नाही. माझाच होता, आणि मला त्याची इतकी भीती वाटत होती की तीर दोरीवर टिकेना. तीनदा खाली पडला. शेवटी ओढला. ओढलेली दोरी गालाला लागली तेव्हा डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच सोडला. दोरी डाव्या हाताच्या आतल्या बाजूवर फटकन बसली. तीर पेंढीच्या अलीकडेच मातीत आपटला. हातावर काळानिळा वळ उठला. आवाज तोच होता. चावरा. माझ्या हातातून निघाला म्हणून तो बदलला नाही.

"आता आन," मामा म्हणाला.

तीर आणायचा म्हणजे त्याच्याकडे पाठ करायची. मी निघाले. अर्ध्यावर पाय थांबले. मामा होता, माझा मामा, तरी मानेचे केस उभे राहिले. मी कानाजवळच्या वाऱ्याची वाट पाहू लागले. पुढेही जाता येईना, मागेही वळता येईना. मी तिथेच खाली बसले.

"मांग पाय," तो म्हणाला.

मी वळून पाहिलं. कमठा जमिनीवर. मामा भिंतीला टेकून बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, तळवे उघडे. मी पाहून घेईपर्यंत तसाच बसून राहिला.

मी उठले आणि तीर आणला. पाठ करून गेले, पाठ करून वाकले. एवढंच. पण त्याच वेळी मला कळलं की इतके दिवस माझ्या पाठीमागे नेम चुकणारे हात नव्हते. कमठा खाली न ठेवणारे हात होते. आणि ते त्यांना येत नव्हतं म्हणून नाही. माझ्यासाठी ठेवावा असं त्यांना वाटत नव्हतं म्हणून.

परतताना कमठा मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीत बसले. कंडक्टरने विचारलं, "काय हाये व?" "पडद्याचा बांबू," मी म्हणाले. साकोलीपर्यंत लुगड्याची गाठ मुठीत धरून बसले. घरी तो आढ्यात खोचला. मायने पाहिला आणि कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावर गेले. हातावरचा वळ ओढणीने झाकलेला. त्या दिवशी पाहुण्यांना दाखवायला पहिला बाण धाकट्या मालकांनीच मारला. चांगला बसला. शेजारी तीन पाहुणे बाण लावून तयार.

"आण," धाकटे मालक म्हणाले.

मी बाण सोडायच्या रेषेच्या मागेच उभी राहिले.

"काहून उभी हायेस? बहिरी झाली का?"

माझं तोंड कोरडं पडलं होतं. डोळ्यांपुढे मायची बांधी होती, भावाची मिल होती.

"आधी कमठे खाली ठेवा," मी म्हणाले.

"काय?"

"कमठे खाली ठेवा. अन् ज्यानं सोडला, त्यानं आनावा."

पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. धाकटे मालक जवळ आले. आवाज खाली आणून बोलले, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"तुहा आजा आमच्या आज्याच्या बंदुकीम्होरं धावला. तुले बाणाम्होरं जाची लाज वाटते?"

"लाज नाही वाटत," मी म्हणाले. "भेव वाटते."

हे मी मोठ्याने बोलले. सगळ्यांना ऐकू गेलं. इतके दिवस जे हसण्याखाली लपवलं ते मी त्यांच्यासमोर तसंच टाकलं. भेव वाटते. माझा आवाज फाटला होता. पण पाय रेषेच्या मागे होते आणि मी ते तिथेच ठेवले.

एका बाईने हातातलं धनुष्य गवतावर ठेवलं. मग दुसऱ्याने. तिसरा पाहुणा मात्र धरूनच उभा होता, बाण लावलेला. धाकट्या मालकांना आता काहीतरी करणं भाग होतं. ते हसले, "नखरे वाढले हायेत यायचे" म्हणाले, आणि स्वतःचा बाण आणायला निघाले.

जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं. त्या धनुष्य धरलेल्या पाहुण्याकडे नाही. माझ्याकडे. माझे हात रिकामे होते. थोडं पुढे जाऊन त्यांनी पुन्हा वळून पाहिलं. वाकायच्या आधी अजून एकदा.

त्यांची कातडीही जाड नव्हती.

त्याच संध्याकाळी मला काढलं. मायला उन्हाळी धानाच्या रोवणीला बोलावणं आलं नाही. भावाला मिलवर अजून ठेवलं आहे, पण रोज ऐकवतात. माय माझ्याशी कामापुरतंच बोलते. मी घरामागे रोज कमठा ओढते. आता डोळे उघडे असतात. दोरी वाजली की खांदे अजूनही वर चढतात. ते जाणार नाहीत, असं मी धरून चालले आहे.

माझ्या जागी त्यांनी आमच्या शेजारची पोरगी ठेवली. यंदाच बारावी झाली तिची. तीही चांगली पळते. काल मी तळ्याच्या पाळीवरून येत होते. खालून दोरी वाजली, मग टाळ्या, आणि मग तिचं हसू ऐकू आलं. मोठ्याने, दात दाखवून हसतात ते. ते हसू मी ओळखते.

आज संध्याकाळी मी तिथे जाणार आहे. कमठा घरीच ठेवून. निशाण्यापुढे, तिच्या शेजारी, धाकट्या मालकांकडे तोंड करून उभी राहणार आहे. माझे पाय आत्तापासूनच गार पडले आहेत. गार पायांनीच जाईन. आणि शेवटचा कमठा जमिनीवर ठेवला जाईपर्यंत मी तिथून हलणार नाही.