तीन प्रश्न

टीएसएचचा, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणाऱ्या हॉर्मोनचा, आकडा वाघमारे मॅडम उभ्यानंच वाचायच्या. "बसलं की माणूस लगेच हो म्हणतो," असं त्यांचं मत. शनिवार पेठेतल्या त्यांच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होतो. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घ्यायचं आणि मग त्याच्या आईला तीन प्रश्न विचारायचे : आजार कुठला, गोळ्या कुठल्या, बंद कधी केल्या. उत्तरं फॉर्मवर लिहायची. "बाळाचं रक्त अर्धंच सांगतं रे," मॅडम म्हणायच्या, "उरलेलं आईकडे असतं."

हिंजवडीत तेव्हा नुकत्याच कंपन्या उभ्या राहत होत्या. मी संगणकाचा कोर्स केला होता आणि त्या दुपारी माझी तिकडे मुलाखत होती. नेमक्या निघायच्या वेळी येरवड्याच्या सुनंदाताई तीन दिवसांची मुलगी घेऊन आल्या, सोबत सासूबाई. मी भराभर रक्त घेतलं. फॉर्मवर आईच्या नावापुढे, एक शब्द न विचारता, लिहून टाकलं : काही नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमची हाक आली. "मुकुंदा, पळत ये! हा टीएसएच बघ."

"कमी आहे. म्हणजे चांगलंच की, मॅडम." आम्हाला भीती असायची ती वाढलेल्या टीएसएचची.

"चांगलं काय, कपाळ! जवळजवळ शून्य आहे. आईला विचारलंस ना नीट?"

"हो," मी म्हणालो. इतकं सोपं होतं ते.

त्यांनी उरलेल्या रक्तातून टी-फोरचा, म्हणजे खुद्द थायरॉईडच्या हॉर्मोनचा, आकडा काढला. तोही तळाला गेलेला. मॅडम अक्षरशः टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या. "अरे, आईचा थायरॉईड जोरात असणार! तिचं हॉर्मोन नाळेतून बाळात उतरलं. टीएसएच सोडते ती बाळाच्या मेंदूतली पिट्युटरी. तिनं पाहिलं, माल भरपूर येतोय, आपण कशाला ऑर्डर द्या? झोपली! आता नाळ कापली, माल बंद, आणि ही बया अजून घोरतेय. थायरॉईडला उठवणार कोण? इकडे पोरीच्या मेंदूची वाढ थांबायची. स्कूटर काढ!"

येरवड्यापर्यंत त्या मागे बसून माझ्या पाठीवर थापा मारत होत्या. दार सुनंदाताईंनी उघडलं. डोळे मोठे झालेले, हात थरथरणारे. मॅडमनी विचारताच त्या म्हणाल्या, "थायरॉईडच्या गोळ्या होत्या. बाळाला बाधतील म्हणून दिवस राहिल्यावर सोडल्या."

"अहो, मग काल विचारलं तेव्हा का लपवलंत?"

"मला कुणी विचारलंच नाही."

"माझा माणूस विचारल्याशिवाय लिहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

सासूबाई सुनेकडे वळल्या. "घरात लपवलंस ते लपवलंस, डॉक्टरांपासूनही?" सुनंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चपला शोधू लागलो.

मुलीला त्याच दिवशी गोळी चूर्ण करून सुरू झाली. काही महिन्यांनी तिची पिट्युटरी जागी झाली, गोळी सुटली. टीएसएच प्रथमच नीट आला तेव्हा मॅडमनी सगळ्या लॅबला बाकरवडी वाटली. मी मात्र हिंजवडीत लागलो, बढत्या घेतल्या, गप्प राहिलो. मॅडम पुढे प्रत्येक नव्या टेक्निशियनला ही केस शिकवायच्या आणि शेवटी बजावायच्या, "आया लपवतात. विश्वास ठेवू नका." माझं खोटं तिथे धडा होऊन बसलं होतं.

मॅडमचं हृदय थकलंय असं कळलं, तेव्हा भेटायला गेलो आणि सांगून टाकलं. शिव्या खायची तयारी होती. त्या उशीवरून ताडकन उठल्या.

"म्हणजे ती लपवत नव्हती?"

"नाही."

"अरे गाढवा! मग मी इतकी वर्षं चुकीचं शिकवलं की! त्या बाईला तिच्याच घरात खोटं पाडलं आपण." डोळे तसेच लकाकले, जुना आकडा हाती आल्यासारखे. "उद्या सगळ्यांना फोन करते. आत्ता गाडी काढ."

डॉक्टरांनी जिना उतरू नका म्हटलं होतं. त्या माझ्या खांद्यावर भार टाकून उतरल्या.

दार पुन्हा सुनंदाताईंनीच उघडलं, केस पिकलेले. आत सासूबाई खुर्चीत होत्या. मॅडम दम घेत, हात जोडून म्हणाल्या, "तुम्ही खरं बोललात. मी ऐकलं नाही." मग मला दंडाला धरून त्यांनी पुढे केलं, सासूबाईंसमोर.

"आता तू बोल. मोठ्यानं. त्यांना कमी ऐकू येत असेल."